रोझ ब्रॅडवर्डिनचे ऋण

गेल्या पावसाळ्यात आमच्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने पुस्तकास हात लावावयाचा नाही, अशी सक्त ताकीद डॉक्टरांनी दिली. ज्याने उभा जन्म छापील अक्षरांच्या संगतीत काढला त्यास ही शिक्षा लहान नव्हे. परंतु आमच्या सौभाग्यवतींनी तीतून वाट काढली. त्यांनी तीस वर्षे एका कन्याशाळेत इंग्रजी शिकविले आहे, आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्याची त्यांची सवय अद्याप सुटलेली नाही. दिवेलागणीनंतर तासभर त्यांनी वाचावे आणि आम्ही पडून ऐकावे, असे ठरले. पुस्तक कोणते, असे त्यांनी विचारताच आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सर वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' मागितली. त्यांनी भुवया उंचावल्या असाव्यात. आम्हांस ते दिसले नाही. "फ्लोराला भेटावयाचे असेल," एवढे मात्र त्या बोलल्या आणि कपाटाकडे वळल्या.

तर्क खरा होता. महाविद्यालयात असताना फ्लोरा मॅकआयव्हर या नायिकेने आम्हांस पुरते वेडे केले होते, आणि ही हकीकत लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही घरात मोठ्या अभिमानाने सांगून टाकली होती. तारुण्यात माणूस आपल्या मूर्खपणाचाही अभिमान बाळगतो. असो. पन्नास वर्षांनी ज्या नायिकेसाठी आम्ही ते पुस्तक पुन्हा मागितले, तिच्यासाठी काही ते संपविले नाही. हा लेखही तिच्याविषयी नाही. मैत्रीतून हळूहळू उगवणाऱ्या प्रेमाविषयी, आणि ऐतिहासिक कादंबरीत त्या प्रेमाची वाट कशी लागते वा कशी सापडते याविषयी तो आहे. डोळे अद्याप पुरते बरे नसल्यामुळे आम्ही सांगत आहो आणि सौभाग्यवती लिहून घेत आहेत; तेव्हा मते आमची आणि अक्षर त्यांचे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

'वेव्हर्ली' १८१४ साली एडिंबरा येथे प्रसिद्ध झाली. पुस्तकावर ग्रंथकाराचे नाव नव्हते; कवी म्हणून गाजलेल्या स्कॉटने ही कादंबरी आपली आहे हे उघडपणे कबूल केले ते १८२७ साली. पुढे युरोपभर ऐतिहासिक कादंबरीची जी लाट उसळली तिचा उगम बहुतेक टीकाकार या पुस्तकात दाखवितात. कथेचा काळ १७४५ चा. राज्यभ्रष्ट स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला, डोंगरी टोळ्या त्यास मिळाल्या, एडिंबरा शहर त्याने घेतले, इंग्लंडात डर्बीपर्यंत तो धडकला, आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सारा डाव संपला. या वावटळीत एडवर्ड वेव्हर्ली नावाचा एक तरुण इंग्रज सापडतो. तो राजा जॉर्जच्या सैन्यातील अधिकारी. पण लहानपणी चुलत्याच्या ग्रंथसंग्रहात हाती लागेल ते वाचून त्याचे डोके अद्भुतरम्य कल्पनांनी भरून गेलेले. रजा घेऊन तो चुलत्याच्या एका जुन्या स्नेह्याकडे, टली-व्हिओलनच्या बॅरन ब्रॅडवर्डिनकडे, पाहुणा म्हणून जातो. बॅरन हा लॅटिन वचनांवाचून चार वाक्ये न बोलणारा विक्षिप्त, परंतु थोर मनाचा म्हातारा. रोझ ही त्याची एकुलती एक मुलगी.

रोझची आणि वेव्हर्लीची ओळख वाढते ती पुस्तकांवरून. त्या एकाकी वाड्यात तिला वाचनाची गोडी आहे, पण वाट दाखविणारा कोणी नाही. वेव्हर्ली आपल्या बिऱ्हाडाहून पुस्तके मागवितो, तिला निवडून देतो, अवघड जागा समजावून सांगतो. ती मोकळ्या मनाने विचारते, तो आनंदाने उत्तर देतो. येथे स्कॉटने एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. रोझ इतकी सरळ, इतकी विश्वासू आणि मायाळू आहे की, अद्भुताच्या शोधात निघालेल्या तरुणास तिची पूजा करावी असे सुचतच नाही. पूजेची मूर्ती गाभाऱ्यात लागते. आपल्याशेजारी बसून पुस्तकाची पाने उलटणारी चालत नाही.

गाभाऱ्यातील मूर्ती त्यास पुढे डोंगरात भेटते. फर्गस मॅकआयव्हर हा एका टोळीचा तरुण सरदार आणि फ्लोरा ही त्याची बहीण. धबधब्याच्या काठी, मावळतीच्या उन्हात, वीणा घेऊन ती आपल्या लोकांस जागे करणारे गीत गाते, आणि वेव्हर्लीचे भान हरपते. आमचेही हरपले होते, हे वर आलेच आहे. या वेळी तो प्रसंग ऐकताना मात्र एक गोष्ट आमच्या प्रथमच ध्यानात आली. फ्लोरा त्या गीतात वेव्हर्लीशी बोलतच नाही. तिचे सर्व बोलणे स्टुअर्ट घराण्याशी, आपल्या टोळीशी, आपल्या इतिहासाशी आहे. वेव्हर्ली केवळ जवळ उभा आहे. इतिहासास उद्देशून झालेले भाषण त्याने आपणांस उद्देशून झाले असे मानले, एवढीच त्याच्या प्रेमाची कहाणी!

आमच्या मते ऐतिहासिक कादंबरीतील प्रेमाचा मुख्य पेच येथेच आहे. सामाजिक कादंबरीत नायकाच्या दृष्टीआड करणारे काही असेल तर ते घर, पैसा, जात, मानपान. ऐतिहासिक कादंबरीत या सर्वांहून मोठा गलबला असतो. नौबती झडत असतात, निशाणे फडकत असतात, राज्ये उलटत असतात. अशा वेळी जे माणूस त्या नौबतीच्या तालावर चालते तेच प्रेमास पात्र वाटते, आणि जे दिवाणखान्यात दिवा लावून बसते ते दिसतही नाही. म्हणून या प्रकारच्या कथांत मैत्रीतून प्रेम उपजविणे फार कठीण. प्रथमदर्शनी प्रेमास एक प्रकरण पुरते. त्यास धबधबा हवा, चंद्र हवा, फार तर उधळलेला घोडा हवा. मैत्रीस प्रसंगच नसतो. आज एक पुस्तक दिले, उद्या एक प्रश्न विचारला, परवा दोघे हसली, यात कादंबरीकाराने लिहावयाचे काय? आणि न लिहावे तर शेवटी वाचकाने विश्वास ठेवावा कशाच्या बळावर?

स्कॉटने काढलेली युक्ती अशी की, त्याने मैत्री दिसू दिली नाही, पण तिला काम दिले. वेव्हर्लीवर राजद्रोहाचा आळ येतो. सैनिक त्यास शोधीत टली-व्हिओलनास येऊन गेले, ही सूचना त्यास पत्राने कळविते ती रोझ. पुढे तो पकडला जातो. पहाऱ्यात स्टर्लिंगकडे नेत असता डोंगरी लोक झडप घालून त्यास सोडवितात, आणि एका झोपडीत तो जखमी होऊन पडतो. कोणा स्त्रीची सावली तेथे वावरते. आपला पाठीराखा कोण, याचा तो तर्क बांधीत राहतो, आणि फ्लोराच्या नावापाशी त्याचे मन सुखाने रेंगाळते. वस्तुतः ही सर्व खटपट रोझची असते. डोनल्ड बीन लीन नावाच्या दरोडेखोरास वळवून तिनेच त्याची सुटका घडवून आणलेली असते. जी मुलगी वाड्याबाहेर पाऊल टाकावयास कचरावी, ती दरोडेखोराशी सौदा करते, आणि त्याचा ब्रही काढीत नाही. इतिहासाच्या धुमाळीत मैत्रीचे पराक्रम असेच असतात. ते घडतात, पण त्यांवर कोणाची सही नसते.

मधल्या काळात वेव्हर्लीचे डोळे हळूहळू उघडू लागतात, आणि तेही पुन्हा एका पुस्तकामुळे. एडिंबरास असताना तो मंडळींस शेक्सपियरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' वाचून दाखवितो. ज्युलिएट दिसण्यापूर्वी रोमिओ रोझालिनसाठी झुरत असतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. अशा चंचल नायकाचा कोणी राग करील. पण फ्लोरा त्याची बाजू घेते. जेथे आशेस जागा नाही तेथे प्रेम फार काळ टिकत नाही, आणि ते दुसरीकडे वळले तर त्यात गैर काही नाही, असा तिचा अभिप्राय पडतो. तो वेव्हर्लीसाठीच आहे, हे तोही ओळखतो आणि मनाशी निश्चय करतो. त्याआधीच फ्लोराने रोझपाशी भाकीत केलेले असते की, हा तरुण रणांगणाचा नव्हे. घर, ग्रंथ आणि बाग यांतच तो सुखी होईल. प्रतिस्पर्धी म्हणून जिचा हेवा करावा तीच येथे दुसरीचा मार्ग मोकळा करते. फ्लोराविषयी आमचा आदर या वाचनात कमी झाला नाही, उलट वाढला. फक्त त्याचे स्थान बदलले. कार्लाइलच्या तुरुंगात भाऊ फाशीची वाट पाहत असता त्याचे कफन शिवीत बसलेली फ्लोरा ज्याने पाहिली, तो तिला प्रेयसी म्हणून कल्पिण्याचे धाडस पुन्हा करणार नाही.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो, आणि तरुणपणी तो आम्ही स्वतः आवेशाने मांडीत असू. फ्लोराने नाकारले म्हणून रोझ पत्करली. मग हे प्रेम कसले? ही तर हुकलेल्या पहिल्या बक्षिसाऐवजी पदरात पडलेले उत्तेजनार्थ बक्षीस! आक्षेप अगदीच पोकळ नाही. रोझ स्कॉटच्या हातून थोडी फिकी उतरली आहे, आणि शेवटची प्रकरणे त्याने घाईने उरकली आहेत. मैत्रीचे रूपांतर जेथे सावकाश दाखवावयाचे तेथे तो इतिहासाच्या घोड्यावर बसून पुढे निघून जातो. या मार्गात याहून मोठा धोकाही आहे. थॅकरेच्या 'हेन्री एस्मंड' या १८५२ सालच्या कादंबरीत राणी ॲनच्या काळचा नायक, पोरका म्हणून ज्या घरात वाढला, त्या घरच्या मुलीसाठी, बिआट्रिक्ससाठी, वर्षानुवर्षे झुरतो आणि अखेर तिच्या आईशी लग्न करून व्हर्जिनियास निघून जातो. रेचेलचा स्नेह पुस्तकभर आहे, तो खोलही आहे; परंतु मायेचे प्रेम कोठे झाले ती रेषा ग्रंथकार इतकी झाकून ठेवतो की, शेवटी वाचकास आनंदापेक्षा अवघडल्यासारखेच अधिक होते. मैत्रीतून प्रेम उपजावयाचे तर ती मैत्री बरोबरीची हवी, हा धडा त्यातून घ्यावा.

विसाव्या शतकात हा पेच सर्वांत हलक्या हाताने सोडविला तो जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या बाईंनी. त्यांच्या बहुतेक कथा १८११ ते १८२० या रिजन्सी काळाच्या आसपासच्या, आणि विद्वान मंडळी त्यांचे नाव फारसे आदराने घेत नाहीत. त्यांची 'कोटिलियन' ही १९५३ सालची कादंबरी सौभाग्यवतींच्या संग्रहात आहे. 'वेव्हर्ली'नंतर त्यांनी तीच वाचावयास घेतली. किटी नावाच्या मुलीच्या कृपण पालकाने अट घातली आहे की, तिने आपल्या पुतणनातवांपैकी एकाशी लग्न केले तरच संपत्ती तिला मिळेल. तिचे मन देखण्या, बेदरकार जॅकवर आहे. पण तो ऐन वेळी येतच नाही. तेव्हा ती साध्याभोळ्या फ्रेडीस गळ घालते: महिनाभर आपल्याशी खोटीच सोयरीक कर आणि मला लंडन दाखव. फ्रेडी ना शूर, ना बुद्धिमान. कपडे कोणते शोभतील हे त्यास उत्तम कळते आणि कोणत्या प्रसंगी कसे वागावे हे कळते, एवढेच. तो मार्गदर्शिका विकत घेऊन जांभया देत तिला शहरातील प्रेक्षणीय स्थळे दाखवितो; ग्रीसहून आणलेल्या प्रसिद्ध मूर्तींना डोकी नाहीत हे पाहून त्यास धक्का बसतो. पण किटी ज्या ज्या अडचणीत सापडते त्या त्या वेळी हाच माणूस काही न बोलता ती निस्तरून टाकतो. अखेर तिला कळून चुकते की, ज्यास आपण नायक समजत होतो तो नुसताच दिसावयास नायक होता. 'कोटिलियन' हे जोडीदार बदलत जाणाऱ्या एका नृत्याचे नाव आहे, यातच कथेचे मर्म आले. येथे उत्तेजनार्थ बक्षिसाचा प्रश्नच उरत नाही. फ्रेडी दुसरा नव्हता, पहिलाच होता. मोजणारीने मोजण्यास चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती.

आमच्या वाङ्मयास हा विचार परका आहे असे मात्र नाही. शकुंतलेचे प्रेम प्रथमदर्शनाचे. पण भवभूतीने 'उत्तररामचरिता'त गायिले ते काळाने आवरणे गळून पडल्यावर परिपक्व झालेले प्रेम, सुखदुःखांत एकरूप झालेले. मराठी ऐतिहासिक कादंबरीकारास तर दुसरा मार्गच नव्हता. बालविवाहाच्या काळातील नायक-नायिकांचे लग्न आधी, ओळख मागून. तेव्हा स्नेह आणि त्यातून प्रेम हे सर्व लग्नानंतर घडवावे लागते. चार्ल्स एडवर्ड स्कॉटलंडात उतरला त्याच १७४५ सालच्या आरंभी इकडे माधवरावांचा जन्म झाला. त्या थोरल्या माधवराव पेशव्यांची आणि रमाबाईंची कथा रणजित देसाई यांनी १९६२ साली 'स्वामी'त सांगितली. मोहिमा, कर्ज आणि घरचा कलह यांतून उरलेल्या घटकांत दोन माणसे एकमेकांची सोबती कशी होतात, हेच त्या कथेचे काळीज आहे. म्हणूनच १७७२ सालचे थेऊर मराठी वाचकास इतके जिव्हारी लागते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कलोडननंतर बॅरन आपल्याच जहागिरीत लपून राहतो, आणि वेव्हर्ली त्यास भेटावयास जातो. तेथे जॅनेट नावाची म्हातारी बोलता बोलता सर्व उघड करते: झोपडी कोणाची, खटपट कोणाची, जीव वाचविला कोणी. ज्या प्राणांवर आता रोझचाच अधिकार असावा असे त्यास वाटू लागले होते, ते मुळात तिनेच राखलेले होते, हे वेव्हर्लीस तेव्हा कळते. सौभाग्यवतींनी ते प्रकरण नेहमीच्या आवाजात वाचले, पान मिटले, आणि जरा वेळाने विचारले, "अहो, तुमच्या बखरींवरच्या पुस्तकात ऋणनिर्देशात किती नावे आहेत हो?"

आमचा तो पहिला ग्रंथ १९८३ साली निघाला. आम्ही उत्तर दिले नाही. खरे तर आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी नातीकडून ते पान वाचून घेतले. सतरा नावे निघाली. ज्या विख्यात विदुषींनी हस्तलिखित चाळून दोन उत्तेजनाचे शब्द सांगितले होते, त्यांच्यासाठी पाच ओळी होत्या. त्या काळी त्यांचे व्याख्यान ऐकून आम्ही धबधब्याकाठच्या वेव्हर्लीसारखेच होऊन येत असू. प्रकाशक होते, ग्रंथपाल होते, मुखपृष्ठाचा चित्रकारही होता. अखेरीस एक वाक्य होते: "अल्पावधीत संपूर्ण मुद्रणप्रत सिद्ध झाली." चारशेहून अधिक पानांची ती मुद्रणप्रत शाळा, स्वयंपाक आणि तान्हे मूल सांभाळून, रात्री अकरानंतर, पाच महिने कोण लिहीत होते हे त्या वाक्यात नाही. प्रत सिद्ध 'झाली'. जणू पाऊस पडला, पहाट झाली, तशी प्रतही झाली! व्याकरणात क्रिया असते तेथे कर्ता असावा लागतो, हे आम्ही जन्मभर इतरांस शिकविले, आणि आमच्याच वाक्यातून कर्ता वगळला. वेव्हर्लीस निदान ठाऊक नव्हते. आम्ही तर त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली झोपत होतो.

त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, आता निघेल असेही दिसत नाही. तेव्हा दुरुस्तीस तेथे जागा उरलेली नाही. म्हणून हा लेख. मैत्रीतून झालेले प्रेम हे दुय्यम, असा आक्षेप जे घेतात त्यांना आमचे उत्तर आता एवढेच आहे: ते प्रेम मागून येत नाही, आपणच त्याच्याकडे मागून पाहतो. ऐतिहासिक कादंबरीकाराने नौबती वाजवाव्यात, निशाणे नाचवावीत. पण मध्येच एकदा, एखाद्या जॅनेटच्या तोंडून का होईना, झोपडीत दिवा कोणी लावला होता ते सांगून टाकावे. वाचक त्या एका ओळीसाठी बाकीची सत्तर प्रकरणे सोसतो.

वरील मजकुरातील तीन वाक्ये सौभाग्यवतींनी लिहून घेण्याचे साफ नाकारले. ती त्यांच्या स्तुतीची होती. आम्ही आग्रह धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "रोझनेही काही सही केली नव्हती." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, वाक्ये गेली. मग शेवटची पाने जुळवताना त्यांनी लेखणी थांबवून विचारले, "सबंध लेखात 'आम्ही', 'आम्ही' म्हणता. हे आम्ही म्हणजे कोण?" आम्ही म्हणालो, "लेखकाने स्वतःस आम्ही म्हणण्याची जुनी रीत आहे." पण तोंडातून शब्द निघून गेल्यावर ते उत्तर अपुरे वाटले. चाळीस वर्षे आम्ही हे सर्वनाम रीत म्हणून वापरीत आलो. या खेपेस मात्र ते व्याकरणदृष्ट्याही बरोबर आहे, असे त्यांस सांगितले; आणि हे वाक्य त्यांनी काही न बोलता लिहून घेतले.